बिनपाल्याची रांग

या, जरा पुढे सरकून बसा. एका सैल सुटलेल्या हाताची गोष्ट सांगतो.

एका प्रयोगशाळेत एक बाई होती. झाडपाल्याचे अर्क काढायचे, कॅन्सरच्या पेशींवर टाकायचे, आणि पेशी जगतात की मरतात ते पाहायचं, हे तिचं काम. माप इतकं नेमकं की सगळे तिला ‘तराजू’च म्हणत. देवाने कुठल्या पानात काय ठेवलंय ते त्याचं त्याला ठाऊक. पण ते शोधायला असा हात लागतो.

त्या दिवसांत मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिच्या मोठ्या बहिणीला स्तनाचा कॅन्सर निघाला होता. मंगळवारी पहिली केमो, आणि ताईने धसका घेतलेला.

सोमवारी सकाळी तराजूने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि ती उभ्या जागी थरारली. कुंपणावरच्या एका साध्या वेलीचा अर्क टाकलेल्या पेशी झाडून सगळ्या मेल्या होत्या. तिने तिथूनच फोन लावला.

“ताई, मेल्या! सगळ्या मेल्या!”

“कोण मेल्या गं? सकाळी सकाळी काय अभद्र बोलतेस?”

“कॅन्सरच्या पेशी गं! आमच्या पाल्याने!”

ताई लगेच म्हणाली, “झालं तर. उद्या मी जात नाही. संध्याकाळी बाटली घेऊन ये.”

तराजूने बाटली भरायलाही घेतली. इतक्यात प्रयोगशाळेचे म्हातारे सर आत आले. त्यांनी चष्मा पुसला आणि एवढंच विचारलं, “बिनपाल्याची रांग पाहिलीत का?”

पेशी इवल्या वाट्यांच्या रांगांत वाढवतात, आणि दर प्रयोगात एक रांग तशी असते. तिच्यात पाला नसतो. अर्क ज्यात विरघळवतात ते अल्कोहोल तेवढं असतं. वीस वर्षं तराजू आधी ती रांग बघत आली. आज विसरली. तिने पाहिलं. त्या रांगेतही एक पेशी जिवंत नव्हती.

तिला शुक्रवार आठवला. अर्क विरघळेना, म्हणून तिने अल्कोहोल जरा जास्त ओतलं होतं. दोन्ही रांगांत सारखंच. ‘विरघळ रे बाबा’ म्हणत. आयुष्यात पहिल्यांदा हात सैल सुटला, तो मायेपायी.

सर रागावले नाहीत. “पाला खरा ठरला नाही, खोटाही ठरला नाही. बरोबर मापाने पुन्हा करू. पण माणसाला द्यायचं म्हणजे अजून वर्षं जातील.”

संध्याकाळी ती रिकाम्या हाताने ताईकडे गेली. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती.

“बाटली कुठाय?”

तराजूने सगळं सांगितलं.

“म्हणजे दारूने मेल्या म्हण की! मग मी आपली तीच पिते, निदान झिंग तरी येईल.” ताई हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. “एवढी आशा लावायची आणि मग हात वर करायचे?”

“चुकलं माझं. पण खोट्या आशेवर तुला घरी कशी बसू देऊ? उद्या सलाईनमधून देणार आहेत ना, तेही आधी एका झाडाच्या सालीतच सापडलं. असंच कुणीतरी पेशींवर टाकून पाहिलं. त्यांच्या बिनपाल्याच्या रांगेतल्या पेशी मात्र जिवंत राहिल्या.”

ताईने हातातली घडी मोडली, पुन्हा घातली. “त्याने मी बरी होईन?”

“बऱ्याच जणी होतात. तू होशीलच, असं लिहून नाही देता येत.”

“तराजू ती तराजूच,” ताई नाक ओढत म्हणाली. “सकाळी नऊला ये. मळमळलं तर तुझ्याच अंगावर ओकणार आहे.”

मंगळवारी नर्सने नळी जोडली. मापात बसवलेला एकेक थेंब उतरू लागला. ताई डोळे मिटून होती, आणि तिचा दुसरा हात धाकटीने घट्ट धरला होता.

केमोच्या अजून पाच खेपा राहिल्यात. देवापुढे हात जोडाल, तेव्हा आपलं मागून झाल्यावर त्या ताईचीही आठवण ठेवा.