आतला हात रिकामा

मी एक पकड बोलतेय. कातडीच्या पेशीत असते मी, कुणाच्या डोळ्यांना न दिसणारी. माझा एक हात पेशीबाहेर असतो, तो खालच्या अस्तराला धरतो. दुसरा हात पेशीच्या आत. आत दोऱ्यांचं जाळं असतं, त्यावरच पेशीचा सगळा डोलारा उभा. त्या दोऱ्यांना माझ्याशी जोडते एक कडी. तुमच्याकडे ती आहे, म्हणून तर तुम्ही खुशाल पाठ खाजवता.

माझ्या वाट्याला जी पोर आली, तिच्या पेशींना ती कडी जन्मापासून धड बनवताच येत नाही. जरा ओढ बसली की मी खालचं धरून राहते आणि माझ्यावरची पेशी फाटून निघून जाते. तिथे फोड येतो. आतून धरायला कुणी नसेल, तर माझ्या एकटीच्या घट्ट धरण्याला काय अर्थ?

घरात तिला ठमाबाई म्हणतात, कारण तोंडाचा पट्टा सतत चालू. शिवण टोचू नये म्हणून आई तिला फ्रॉक उलटे घालते. पट्टी कोमट पाण्यात भिजवल्याशिवाय सोडवत नाही. आणि उचलायचं ते बुडाखाली आणि मानेमागे सपाट हात ठेवून, बगलेत हात घालून कधीच नाही. हे बाबांनाही तोंडपाठ होतं.

एकदा बाबा बाहेरगावच्या कामावरून बऱ्याच दिवसांनी घरी आले. दारात ठमाबाई हात वर करून उभी. आनंदाच्या भरात त्यांना भानच राहिलं नाही. त्यांनी तिला बगलेत धरून उचललं.

मी तिथेच होते, डाव्या बगलेत. जिवाच्या आकांताने खालचं धरून ठेवलं. वरचं सगळं गेलं.

“अहो, असं नाही! असं नाही ना उचलायचं!” म्हणत आई धावली. ठमाबाईचं रडणं शेजारपाजारपर्यंत गेलं.

तेव्हापासून बाबा तिला हातच लावत नाहीत. खुर्चीत बसले की दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून ठेवतात. मला त्यांचा राग येत नाही, फार वाईट वाटतं.

काल ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“बाबा, बुडाखाली हात घालायचा. सोप्पंय.”

“नको गं राणी, तुला लागेल.”

“लागलं तर मी सांगेन ना!”

बाबा उठून आत निघून गेले.

आता जखम भरत आलीय. बाजूने नवी पेशी सरकत येतेय, माझे दिवस संपले. माझ्या जागी दुसरी पकड येईल आणि तिचाही आतला हात रिकामाच असेल. त्यावर माझ्याकडे इलाज नाही. पण बाबा, तुमचे हात तर धडधाकट आहेत. आईला विचारा, ती दाखवेल. उचला हो पोरीला.

तुम्ही कामावरून यायच्या वेळी ती अजूनही दारात उभी असते. फक्त तुम्हाला भीती वाटू नये म्हणून हल्ली हात पाठीमागे धरते.