आपल्यातला डॉक्टर

‘या ताई, बसा. पुण्यात कुठं?’ एवढंच त्यानं विचारलं आणि सुखदा फसली.

एरवी ती फसणाऱ्यातली नव्हती. दूध तापवण्याआधी पिशवीवरची तारीख बघायची. आर्याला सांभाळायला येणाऱ्या बाईची नखं बघायची. बिस्किटाच्या पुड्यामागचं मुंगीएवढं छापलेलं उजेडात धरून वाचायची. शंतनु वैतागून म्हणायचा, ‘तू पोलिसात जायचं सोडून एमकॉम कशाला केलंस?’ पण बेंगळुरूला येऊन दोन वर्षं होत आली होती आणि दिवसभर कानांवर पडायचं ते सगळं परक्यांचं. लिफ्टमध्ये तेलुगू, भाजीवाल्याकडं कन्नड, ऑनलाइन मीटिंगमध्ये हिंदी. मराठी बोलायला उरायची ती आर्या, आणि आर्याला अजून दातसुद्धा आले नव्हते. अशात पांढऱ्या कोटातला, हसऱ्या डोळ्यांचा माणूस समोर येतो आणि ‘कोथरूड? अरे, माझी मावशी कोथरूडलाच!’ म्हणतो. सुखदाला तिथल्या तिथं रडूच यायचं बाकी राहिलं.

तिला त्याच्याकडं धाडलं होतं स्वानंदीनं. होसकोटेच्या रस्त्यावरच्या त्यांच्या सोसायटीत मराठी मंडळ म्हणजे स्वानंदी. गुढीला लागणारे बांबू ती आणायची, मोदकांची ऑर्डर ती घ्यायची, ग्रुपवर कुणी काय टाकायचं आणि काय नाही हेही तीच ठरवायची. एकदा लिफ्टचं दार बंद होता होता तिनं सुखदाची हनुवटी धरून चेहरा दिव्याकडं वळवला.

‘अगं, हे काय करून घेतलंयस चेहऱ्याचं?’

बाळंतपणानंतर सुखदाच्या दोन्ही गालांवर वांग उमटले होते. चहात बुडवलेली बोटं कुणी गालांवर पुसावीत तसे.

‘जातील हळूहळू,’ सुखदा म्हणाली.

‘आपोआप काही जात नाही. डॉक्टर रोशनकडं जा. मी पण त्याच्याकडंच जाते, बघ माझी स्किन! आणि मुख्य म्हणजे आपल्यातला आहे. या लोकांसारखं नाही, अर्धं कळतं अर्धं नाही.’

स्वानंदीची त्वचा खरंच काचेसारखी होती. सुखदा गेली.

डॉक्टर रोशननं तिचे गाल बघितले, फोटो काढले, लेझरच्या सहा सिटिंगचं पॅकेज समजावलं. त्याआधी त्वचा तयार करायची म्हणून एक पांढरी डबी दिली. डबीवर काही लिहिलेलं नव्हतं.

‘आमच्याकडंच बनवतो. खास आपल्या लोकांच्या स्किनसाठी,’ तो म्हणाला.

बिस्किटाचा पुडा उजेडात धरणारी सुखदा ती कोरी डबी पर्समध्ये टाकून घरी आली. अंगावर पाजता का, असं त्यानं विचारलं नव्हतं. तिनंही सांगितलं नव्हतं. पुण्याच्या गप्पांमध्ये ते राहूनच गेलं.

पंधरवड्यात चेहरा लखलखीत झाला. हळदीकुंकवाला बायका गालांवरून नजर हटवेनात. शंतनुसुद्धा मोबाइलमधून मान वर काढून ‘अरे वा’ म्हणाला.

आणि मग आर्याचा डावा गाल लाल झाला.

आधी वाटलं घामोळं. मग त्यावर बारीक पुरळ आलं, मधे फिकट चट्टा पडला. सांभाळणारी बाई म्हणाली उष्णता असेल. शंतनु म्हणाला डास चावला असेल. सुखदा बघत राहिली. डावाच गाल. उजवा स्वच्छ. पाजून झालं की ती आर्याला खांद्यावर घेऊन थोपटायची, आणि आर्या झोपायची ती आईच्या डाव्या गालाला आपला डावा गाल चिकटवून. रोज. क्रीम लावलेल्या गालाला.

तिनं डबी उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर फेकली. दोन दिवसांत तिचा स्वतःचा चेहरा पेटला. कातडी ताणली, सोलली, पाण्याचा थेंब लागला तरी झोंबायला लागलं. तिनं क्लिनिकला फोन लावला.

‘सेन्सिटिव्ह स्किन आहे तुमची, मॅडम,’ रिसेप्शनवरची मुलगी गाणं म्हटल्यासारखं म्हणाली. ‘क्रीम बंद केलं ना, म्हणून. परत चालू करा. शनिवारी पहिलं लेझर आहे, सगळं सेट होऊन जाईल.’

‘माझ्या बाळाच्या गालाला झालंय.’

‘बाळाचं आम्ही बघत नाही, मॅडम.’

या वेळी सुखदानं कुणालाच विचारलं नाही. कोण स्किनचा एमडी आहे, राज्याच्या मेडिकल कौन्सिलच्या यादीत कुणाचं नाव आहे, हे बघायला ती फोन घेऊन बसली. मग त्यांच्या नावांखालची लोकांची मतं वाचायला लागली. बाकीच्यांच्या खाली फुलं आणि जोडलेले हात. इथल्या, बेंगळुरूच्याच शिवाजीनगरच्या एका डॉक्टरबाईंच्या नावाखाली मात्र शिव्याच शिव्या. ‘फार उद्धट.’ ‘लग्नाआधी लेझर करायला गेले, नाही म्हणून हाकललं.’ ‘पैसे द्यायला तयार होतो तरी ट्रीटमेंट दिली नाही.’ सुखदानं ते दोनदा वाचलं. पैसे मिळत असून नाही म्हणते? सुखदानं त्या बाईंचीच वेळ घेतली.

दवाखाना शिवाजीनगरच्या बस स्टँडमागं, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या वर. जिना अरुंद, बाकं लाकडी. पाटीवर डॉ. राजलक्ष्मी, पुढं पदवी, खाली नोंदणीचा नंबर, सगळं ठळक रंगवलेलं. आत गेल्या गेल्या बाईंनी मान वर न करता ‘बन्नी’, म्हणजे ‘या’, म्हटलं, आणि मग चष्म्यातून आधी आर्याकडं, नंतर सुखदाकडं बघितलं.

‘काय लावलं?’ त्या इंग्रजी-हिंदीची खिचडी बोलत होत्या, आणि चिडल्यावर त्यात कन्नड मिसळत होतं.

सुखदानं डबी पुढं केली. बाईंनी ती उलटी करून बघितली, वास घेतला.

‘नाव कुठंय?’

‘नाहीये.’

‘कोणी दिलं?’

‘डॉक्टरांनी.’

‘कसले डॉक्टर?’

सुखदाला माहीतच नव्हतं. कोथरूडच्या मावशीचं माहीत होतं, कसले डॉक्टर ते नव्हतं.

‘एनम्मा, काय गं, शिकलेली दिसतेस,’ बाई कडाडल्या. ‘बिस्किट घेताना पुडा वाचतेस?’

‘वाचते,’ सुखदा पुटपुटली.

‘आणि स्वतःच्या तोंडाला डांबरगोळी दिली असती तरी चोळली असतीस! यात स्टिरॉइड आहे, बहुतेक जोरदार. म्हणून आधी चमकतं. मग कातडी पातळ होते, सोडलं की भडकते. बाळाला तुझ्या गालावरून लागलंय. पाजतेस? त्यानं विचारलं होतं?’

‘नाही.’

‘आणि लेझर कधी ठेवलंय?’

‘शनिवारी.’

बाईंनी पेन टेबलावर आपटलं. ‘या कातडीवर लेझर मारलं तर भाजेल. वांगाच्या जागी जन्मभराचा काळा डाग राहील. आत माझ्याकडंही मशीन आहे. तुझ्यावर मी ते चालवणार नाही, हात जोडलेस तरी. आधी हे सुटू दे. बाळाचा गाल फक्त साध्या पाण्यानं धुवायचा आणि व्हॅसलीन लावायचं, तुझ्या गालाला गाल लावायचा नाही. आणि त्याला विचार, यात काय घातलंय. नाव कळलं तर तुला यातून हळूहळू कसं सोडवायचं ते ठरवता येईल, आणि पोरीला किती गेलंय तेही. जा, विचारून ये. कळलं? सरी?’

धीराचा एक शब्द नाही. खाली येऊन रिक्षात बसली तरी सुखदाला आलेला या बाईंचा राग गेला नव्हता.

शनिवारी स्वानंदी गाडी घेऊन खाली हजर. ‘चल, माझंही सिटिंग आहे. आणि बाळ कशाला घेतलंस? लेझरच्या वेळी ही किंचाळणार.’

‘असू दे.’

गाडीत स्वानंदीनं एकदा तिच्याकडं बघितलं आणि तोंड वाकडं केलं. ‘क्रीम बंद केलंस ना? सांगितलं तसं करायचं नाही आणि मग तोंड घेऊन बसायचं.’

क्लिनिकमध्ये त्या दिवशी गर्दी होती. डॉक्टर रोशननं दोघींनाही आत घेतलं.

‘या ताई! काय हो, पुण्याची माणसं ऐकत नाहीत बुवा कुणाचं,’ तो हसला. ‘बसा, आज मशीननं मस्त—’

‘डबीत काय आहे?’

‘म्हणजे?’

‘डबीत. क्रीममध्ये. काय घातलंय?’

‘ताई, तो आमचा फॉर्म्युला आहे.’

‘तुमचा फॉर्म्युला माझ्या पोरीच्या गालावर आलाय. बघा.’ सुखदानं आर्याचा गाल त्याच्यासमोर धरला. तो खुर्चीत मागं सरकला.

‘हे घामोळं आहे.’

‘तुम्ही कसले डॉक्टर?’

‘अगं सुखदा!’ स्वानंदी दचकली. ‘असं विचारतात का कुणाला?’

‘मी विचारलंच नव्हतं, तेच चुकलं. सांगा ना, कसले?’

रोशनचं हसू आता ओठांवरच राहिलं होतं, डोळ्यांतून गेलं होतं. ‘बीडीएस. पण मी चार वर्षं हेच करतोय. कोर्स केलाय.’

‘म्हणजे दातांचे.’

‘मग काय झालं?’ स्वानंदी फणकारली. ‘दात काय पायाला असतात? चेहऱ्यातच असतात ना!’

सुखदाला हसूच आलं असतं, चेहरा जळत नसता तर. ‘नाव सांगा औषधाचं. नाहीतर मी बाहेर सोफ्यावर बसते हिला मांडीवर घेऊन, आणि येईल त्या बाईला हा गाल दाखवते. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. कन्नडही येतं थोडं.’

‘मॅडम, प्लीज,’ रोशन इंग्रजीत म्हणाला. ताई संपली होती. ‘डोन्ट क्रिएट अ सीन.’

सुखदा उठली, दार उघडलं. बाहेर सगळ्या माना वळल्या. आर्यानं नेमका त्याच वेळी भोकाड पसरलं.

‘क्लोबेटासोल,’ तो दातातल्या दातात पुटपुटला. ‘आणि हायड्रोक्विनोन.’

‘किती?’

‘थोडं.’

‘थोडं म्हणजे किती?’

‘अंदाजानं घालतो. बेस क्रीममध्ये.’

अंदाजानं. सुखदानं ती दोन्ही नावं फोनमध्ये टाइप केली आणि त्याच्याकडं बघून म्हणाली, ‘अंदाजानं आमटीत मीठ घालतात.’

बाहेर पडताना तिची नजर स्वानंदीकडं गेली. लेझरच्या खोलीचा पांढरा दिवा तिच्या तोंडावर पडला होता. पावडरीखालून नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल बारीक शिरांचं जाळं दिसत होतं, जणू कुणी कोळ्याला लाल धागा दिला होता. स्वानंदीचा हात आपसूक गालाकडं गेला, आणि सुखदा बघतेय हे लक्षात येताच तो खाली आला.

‘शोभत नाही तुला,’ ती जिन्यापर्यंत मागं आली. ‘परक्या गावात आपल्या माणसाचं दुकान बंद पाडायला निघालीस? हीच का तुझी माणुसकी?’

‘तुम्ही किती वर्षं लावताय ते, स्वानंदीताई?’

‘माझं मी बघेन!’

‘बंद करून बघितलंत कधी?’

खाली जाऊन स्वानंदीनं गाडी काढली आणि सुखदाला, पोरीला तिथंच रस्त्यावर सोडून निघून गेली. घरी पोचेपर्यंत सुखदाला ग्रुपमधून काढलेलं होतं. शंतनुनं मेसेज दाखवला: ‘काही लोकांना आपली माणसं नको असतात.’

‘भांडण कशाला ओढवून घ्यायचं?’ तो म्हणाला. ‘इथं आपलं आहे कोण?’

‘ही आहे,’ सुखदा म्हणाली आणि आर्याला त्याच्या हातात दिलं. ‘हिला खांद्यावर तू घे आता. माझा गाल चालत नाही.’

पुढचे दिवस वाईट गेले. ती दोन नावं ऐकून बाईंनी दिलेल्या औषधानं चेहरा हळूहळूच शांत व्हायचा होता. तोवर तो लाल, सुजलेला, साल निघणारा असा होता, आणि सुखदा तो तसाच घेऊन लिफ्टमध्ये उभी राहायची. मंडळाच्या बायका तिच्याकडं बघून आपसांत कुजबुजायच्या. एकीनं मोठ्यानं म्हटलं, ‘डॉक्टरचं ऐकलं असतं तर.’ आर्या रोज झोपताना गाल शोधायची, आणि सुखदा मान फिरवून तिचं डोकं छातीवर टेकवायची. पोर रडायची. तीही.

मग एका सकाळी आर्याचा गाल इतर दिवसांसारखाच धुतला आणि त्यावर लाली दिसली नाही. सुखदानं खिडकीत नेऊन बघितलं. पुन्हा बघितलं. फिकट चट्ट्याची जेमतेम कड उरली होती.

शिवाजीनगरला पुन्हा गेली तेव्हा लाकडी बाकं भरलेली होती. कोपऱ्यात ओढणीनं नाकापर्यंत तोंड गुंडाळून एक बाई बसली होती. ओढणी सरकली तेव्हा गाल दिसले. सोललेले, लालभडक.

सुखदानं ओळखलं. तिच्याशेजारची जागा रिकामी होती. ती तिथं बसली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली.

खालून शिलाई मशीनची खडखड येत होती. स्वानंदीच आधी बोलली, ओढणीतून, मान न वळवता.

‘मराठी कळतं का गं त्यांना?’

आतून ‘बन्नी’ अशी हाक आली. पाळी सुखदाची होती. तिनं कडेवरच्या आर्याला सावरलं आणि स्वानंदीच्या अंगावरून पुढं गेली.

‘नाही,’ ती म्हणाली. ‘आणि ओरडतात. तुमच्यावर तर जास्तच ओरडतील.’

दार ढकलून ती आत गेली. डॉ. राजलक्ष्मींनी मान वर न करता आधी आर्याचा डावा गाल दिव्याखाली ओढला.