पाणी उपसणारी झारी

मित्रांनो, मी एक जुनी झारी आहे. झाडांना पाणी घालण्यासाठी माझा जन्म झाला आणि जिथे पाऊस उघडायचे नाव घेत नाही अशा गावात माझे आयुष्य गेले. यावर हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे फारसे हसण्यासारखे नाही.

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या डरहॅम भागात पत्र्याच्या एका कारखान्यात मी घडले. ठोकून, वाकवून, शेवटी मला वितळलेल्या जस्तात बुचकळून काढले. मग लांब मान आणि पितळेचे चाळणीदार तोंड बसवले. इतके हाल सोसल्यावर आपल्याला कोणीतरी कौतुकाने घेऊन जाईल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मी बराच काळ एका दुकानाबाहेर खिळ्याला टांगलेली होते, आणि आत शिरणारा प्रत्येकजण आपली ओली छत्री माझ्यावर झटकत असे.

एके दिवशी विल्फ हिंडमार्श नावाचा खाणकामगार बायकोबरोबर दुकानात आला. त्याने हातात एक हलकी हिरवी प्लॅस्टिकची झारी घेतली होती.

"ठेव ती खाली," त्याची बायको आयव्ही म्हणाली. "एका थंडीत तडकेल. ही घे."

"अगं, ही रिकामीच केवढी जड आहे!"

"मग तुझ्यासारखीच आहे. निभेल."

अशी मी हिंडमार्शांच्या घरात आले. घरात म्हणजे घरामागच्या मळ्यात. कोळशाच्या खाणीजवळ कामगारांच्या घरांच्या रांगा होत्या आणि त्यांच्या मागे जमिनीचा एक लांबट पट्टा. त्याचे तुकडे पाडून लोकांना भाजीपाल्यासाठी दिलेले होते. प्रत्येक तुकड्यात जुनी दारे आणि पत्रे जोडून उभे केलेले एक खोपट, पावसाचे पाणी साठवणारे पिंप आणि सगळ्यात चांगल्या जागी लीकचा वाफा. लीक म्हणजे पातीच्या कांद्याचा धिप्पाड भाऊ. बटाटे, कोबी, वाल सगळेच लावत. पण आमच्याकडे माणसाची किंमत व्हायची ती लीकवरून. सप्टेंबरात खाणकामगारांच्या क्लबात प्रदर्शन भरे. लीक धुऊन, पुसून, काळ्या कापडावर मांडत आणि त्यांचा घेर फितीने मोजत. बक्षिसाला घोंगड्या, घड्याळे, चहाचे कप असत. आमच्या घरातले जवळजवळ सगळे सामान लीकने आणलेले होते.

खरे सांगायचे तर ते आयव्हीने आणलेले होते. विल्फ जमिनीखाली कोळसा काढायचा आणि आयव्ही जमिनीवर लीक वाढवायची. क्लब मात्र पुरुषांचा, म्हणून लीकपुढच्या चिठ्ठीवर नाव विल्फचे. आयव्ही कोट घालून दाराशी उभी राहायची. सगळ्यांना सगळे ठाऊक होते आणि कोणी काही बोलत नसे. मला याचा फार राग यायचा. तिला येत होता की नाही, ते तिने कधी सांगितले नाही.

लीकचे वाण आयव्हीला तिच्या वडिलांकडून आले होते. ते जपायची रीत अशी की एक उत्तम गड्डा राखून ठेवायचा. दुसऱ्या वर्षी त्याला उंच दांडा येतो, दांड्याच्या बोंडावर बारीक कोंब फुटतात. त्या कोंबांना इकडे 'गवत' म्हणतात. हे गवत रुजवले की पुढच्या वर्षीचे लीक. ही साखळी एकदा तुटली की वाण संपले. आणि गवत घराबाहेर कोणाला द्यायचे नाही, सख्ख्या भावालासुद्धा नाही.

लीकला घालायच्या खुराकाचेही तसेच गुपित. मेंढ्यांच्या लेंड्या पोत्यात बांधून भिजवायच्या, त्यात काकवी आणि शिळी बिअर, आणखी काय काय. ते सगळे माझ्या पोटात. वास शेजाऱ्याला जाऊ नये म्हणून आयव्ही माझ्या तोंडाला फडके बांधायची. शेजारच्या तुकड्यातला नॉर्मन स्टॉब्स कुंपणापलीकडून बघत असायचा.

"काय गं, झारीचं तोंड बांधलंस ते? दाढ दुखतेय की काय तिची?"

"हो ना. तुझे लीक बघितल्यापासून ठणकतेय."

नॉर्मन आणि विल्फ खाणीत जोडीने काम करीत. तिथे अंधारात वरचा दगड कुरकुरला की एकाने दुसऱ्याला मागे ओढायचे, यात कधी कसूर झाली नाही. वर उजेडात आले की मात्र कथा निराळी. फार पूर्वी कोणीतरी कोणाचे तरी लीक प्रदर्शनाच्या तोंडावर सुरीने चिरून टाकले होते. कोणी चिरले ते कधीच कळले नाही. तेव्हापासून प्रत्येक तुकड्याला जाळी आणि दाराला कुलूप आले. ऑगस्ट लागला की प्रदर्शन होईपर्यंत कोणी कोणाच्या वाफ्यात पाय ठेवायचा नाही. ठेवला तर तो लीक कापायलाच आला, असे सगळे धरून चालत. जमिनीखाली ज्याच्या हाती जीव सोपवला, त्याच्या हाती जमिनीवर किल्ली द्यायची कोणाची छाती नव्हती.

मग एका हिवाळ्यात आयव्ही गेली. खिडकीत ट्रेमध्ये तिने लावलेले गवत नुकतेच तरारले होते. विल्फ तोवर खाणीतून निवृत्त झाला होता आणि छातीत कोळशाची धूळ घेऊन वावरत होता. त्याला लीकमधले थोडेफारच कळत होते. पण तो ती रोपे रोज उजेडाकडे वळवून ठेवायचा. वसंतात त्याने ती वाफ्यात लावली. राखून ठेवलेला गड्डाही वाफ्याच्या टोकाला लावला. तिच्या मागे तिचे म्हणण्यासारखे तेवढेच उरले होते, आणि तो ते बोलून दाखवत नसला तरी त्याचा हात माझ्या मुठीला कसा घट्ट बसायचा ते मला कळत होते.

आणि नेमका त्याच उन्हाळ्यात पाऊस लागला.

आमच्याकडे पाऊस धो धो पडून मोकळा होत नाही. तो कंटाळवाण्या पाहुण्यासारखा मुक्काम ठोकतो. वालाची फुले गळली. बटाट्याच्या पाल्यावर काळे डाग आले आणि आठवडाभरात सगळी रांग कुजली. बिनशंखाच्या गोगलगायींनी सॅलडची पाने रात्रीत फस्त केली. खोपटाच्या छपरातून ठिबकणारे पाणी बरोबर विल्फच्या तंबाखूच्या डब्यात पडे. काड्या पेटत नसत, गमबूट वाळत नसत. आणि मी? मी खिळ्याला टांगलेली. माझी गरजच कोणाला नव्हती. बाहेर एवढे पाणी आणि झारी कोरडी, हा अपमान मी कसा गिळला असेल ते माझे मला माहीत.

क्लबाचा चिटणीस टॉट परव्हिस रोज चक्कर मारायचा. त्याच्या टोपीच्या कडेवरून पाण्याची धार लागलेली असायची.

"आज जरा दमट आहे, नाही?" तो म्हणायचा.

"दमट?" नॉर्मन पलीकडून ओरडायचा. "माझ्या कोबीत सकाळी बदक बसलं होतं. मी हाकललं तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच त्याच्या तळ्यात घुसलोय!"

"आणि तुझं कसं काय, विल्फ?"

"वाईट नाही," विल्फ म्हणायचा आणि खोकत वळायचा. आमच्याकडे माणूस मरणाच्या दारात असला तरी 'वाईट नाही' एवढेच म्हणतो.

ऑगस्ट लागला तसे चढावरचे सगळे पाणी खाली येऊन आमच्या वाफ्यात साचू लागले. आयव्हीच्या वडिलांनी तो वाफा खोल खणलेला होता. कोरड्या साली तो खोलपणा उपयोगी पडे. आता त्याचे डबके झाले. लीक गुडघाभर पाण्यात उभे.

नॉर्मन कुंपणाशी आला. "विल्फ, ऐक. माझ्या कडेनं चर काढतो, थेट खालच्या ओढ्यापर्यंत. तू दार उघड, आतून तुझा बांध फोडतो. तासाभराचं काम आहे."

"प्रदर्शन झाल्यावर ये."

"प्रदर्शन झाल्यावर काय होडी घेऊन येऊ?"

"कुलूप प्रदर्शनानंतरच निघतं, नॉर्मन. तुझंही आणि माझंही."

"अरे लेका, मी काय सुरी घेऊन उभाय का? कुदळ आहे ही."

विल्फने पाठ फिरवली. तो खोपटात आला, त्याने मला खिळ्यावरून काढले आणि माझ्या मानेवरचे पितळेचे तोंड काढून टाकले. मला वाटले, चला, शेवटी माझी आठवण झाली. मग त्याने मला वाफ्यात बुडवले, भरले आणि जाळीबाहेर रिकामे केले. पुन्हा बुडवले. मित्रांनो, पाणी घालण्यासाठी जन्मलेल्या झारीने पाणी उपसावे, याहून उलटे काम ते कोणते? पण मी कुरकुर केली नाही. कारण रोपांची पाती अजून हिरवी होती, आणि तो माझ्याशी, खरे तर आयव्हीशी, हळूच बोलत होता. "थांब जरा, होतंय. होतंय कमी." कमी काही होत नव्हते. मी एक झारी बाहेर नेईपर्यंत वरून दुप्पट येत होते.

असे बरेच दिवस चालले. अंगावर ओले कपडे आणि छातीत धूळ. एका दुपारी तो वाकला तो पुन्हा सरळ झालाच नाही; बांधावर बसून राहिला, ओठ निळे. टॉटने रस्त्यावरून पाहिले आणि माणसे बोलावली. विल्फने स्वतःच दार उघडले, बाहेर पडला, आणि दोघांच्या खांद्यावर लोंबकळत असतानाही मागे वळून त्याने कुलूप लावले. किल्ली खिशात घालून तो इस्पितळात गेला. मी वाफ्यातच राहिले, पाण्यात आडवी.

दुसऱ्या दिवशी नॉर्मन कुदळ घेऊन कुंपणाशी आला आणि उभा राहिला. टॉटही आला.

"तारा तोड आणि शीर की आत," टॉट म्हणाला.

"आणि तरीही लीक सडले तर? नॉर्मन शिरला होता म्हणून सडले, असं म्हणतील."

"मी सांगेन ना सगळ्यांना."

"तूच तर पहिला सांगशील, टॉट. क्लबात, ग्लास हातात घेऊन."

टॉट एरवी हसला असता. त्याने फक्त टोपी खाली ओढली आणि तो निघून गेला. नॉर्मन तिथेच थांबला. तो दुसऱ्या दिवशीही आला, तिसऱ्याही. कधी जाळीला हात लावायचा, कधी कुदळीचे पाते चिखलात रोवायचा आणि काढायचा. मी पाण्यातून त्याला ओरडून सांगत होते, ये रे बाबा, ये आत. झारीचा आवाज कोणाला ऐकू येतो? माझ्यासमोर पाती आधी पिवळी झाली, मग लिबलिबीत. टोकाच्या गड्ड्याचा उंच दांडा एका वाऱ्यात बोंडासकट पाण्यात पडला. मला रडू येत असते तर मी रडले असते, पण त्या वाफ्यात आणखी पाण्याची गरज नव्हती.

विल्फ परत आला तो काठी टेकत. कुलूप उघडून तो आत आला. त्याने एक लीक धरून ओढले. पाती हातात आली, गड्डा खालीच राहिला, आणि असा वास सुटला की त्याने तोंड फिरवले. मग तो गुडघ्यांवर बसला आणि पडलेले बोंड शोधून काढले. एखादा जिवंत कोंब, आयव्हीच्या गवताची एखादी काडी मिळते का, ते तो बोटांनी चाचपत राहिला. बोटांना काळा लगदा लागला, दुसरे काही नाही.

नॉर्मन कुंपणापलीकडे आला होता. विल्फने मान वर केली. जाळीच्या त्या बाजूला गमबुटांनी चिखलात चांगला खड्डा पडला होता.

"रोज उभा राहायचास इथे?"

"राहायचो."

"कुदळ घेऊन?"

"हो."

"मग आत का नाही आलास, नॉर्मन?"

"आलो असतो तर काय म्हणाला असतास?"

विल्फने बोटे पाण्यात बुडवून लगदा धुतला. माझ्या पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"लीक कापायला शिरला, असंच म्हणालो असतो."

"म्हणून नाही आलो."

दोघांपैकी कोणीच रागावले नाही. रागावले असते तर मला बरे वाटले असते. विल्फ कसाबसा उठला, दारापाशी गेला आणि त्याने ते सताड उघडले. नॉर्मन आत आला. आमच्या वाफ्याजवळ तो ऑगस्टात पहिल्यांदाच येत होता. त्याने बांध फोडला, पलीकडून चर ओढ्यापर्यंत नेला. विल्फ काठीवर रेलून बघत होता. पाणी आधी थबकले, मग खळखळत वाहू लागले. वाफा रिकामा झाला, आणि त्यात आयव्हीचे काहीच नव्हते.

त्या वर्षी चिठ्ठीवर विल्फचे नाव लागले नाही, पुढेही लागले नाही. आता त्या वाफ्यात कोणीतरी दुसरे लोक वाल लावतात. पाण्यात पडून राहिल्याने माझा तळ गंजला, भोक पडले, आणि मी खोपटामागे नेटल्सच्या झुडपांत आहे. खाजरी पाने असल्याने तिकडे कोणी येत नाही.

मित्रांनो, झारी वापरून झाली की रिकामी करून उपडी ठेवा. पाणी साचले की आमचा तळ जातो. तेवढे तुम्ही कराल, त्यात काही अवघड नाही. दुसरे जे सांगायचे आहे ते अवघड आहे. तुमच्या कुंपणाशी कोणी कुदळ घेऊन भिजत उभे असेल, तर तुमचे काही सडायच्या आधी त्याला आत बोलवा. मी ते पाणी उपसत राहिले आणि शेवटी त्यातच पडून तळ गमावला, आणि नॉर्मनने ते एका दुपारी घालवले. फक्त तोवर वाचवायला काही उरले नव्हते.