पोटातलं अस्तर

कपाटात पिवळ्या खुणेच्या एकतीस पिशव्या होत्या, हिरव्या खुणेच्या बारा आणि लाल खुणेच्या दोन. मुलीने पुन्हा एकदा मोजल्या. वहीप्रमाणे पिवळ्या बावीस असायला हव्या होत्या आणि लाल अकरा. बेरीज मात्र चोख जुळत होती.

वही बाबांची. तीस वर्षं ते वजनमापांचे निरीक्षक होते. पारड्याखाली चिकटवलेलं मेण ते नखाने शोधून काढायचे. निवृत्तीनंतर मूत्रपिंडं गेली. तेव्हापासून दिवसातून चारदा नळीने पोटात दोन लिटर द्रव सोडायचा, काही तास ठेवायचा, मग काढून वजन करायचं. पोटातल्या पातळ अस्तरातून रक्तातली घाण आणि जास्तीचं पाणी त्या द्रवात उतरायचं. दोन हजार ग्रॅमच्या वर जेवढं निघेल, तेवढं पाणी शरीरातून कमी झालं.

पिवळ्या पिशवीत साखर सर्वांत कमी, लाल पिशवीत सर्वांत जास्त. ती पाणी जोरात ओढते आणि त्या ओढण्यात अस्तर खराब करते. सिस्टरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "लाल पिशवी फक्त आम्ही सांगू तेव्हा. अस्तर निबर झालं की बदलून मिळत नाही. मग आठवड्यातून तीनदा इस्पितळात, मशीनवर रक्त साफ करायला."

मुलीने वहीची पानं मागे उलटली. पहिल्या वर्षी पिवळ्या पिशवीतून फार तर दोन हजार दोनशे निघायचे. गेल्या आठवड्यात लिहिलं होतं: पिवळी, २७००. खाली पुन्हा: पिवळी, २६५०.

बाबा पिशवी बदलायच्या तयारीने खिडकीशी बसले होते. पंखा बंद, तोंडाला मास्क, हात नुकतेच धुतलेले.

"बाबा, पिवळ्यातून सत्तावीसशे?"

"काट्यावर दिसलं ते लिहिलं."

"आकडा खराच आहे. रंग खोटा आहे."

बाबांनी मास्क उगाचच नाकावर सारखा केला. "निरीक्षकालाच पकडलंस की."

"हसण्यावारी नेऊ नका. नऊ लाल संपल्यात. एवढं पाणी पिता तुम्ही?"

"तहान लागते."

"का लागते?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. आई दारात आली, ओले हात तसेच धरून.

"मीठ," ती म्हणाली. "मी घालते. थोडंच."

"अगं, तुला कोणी विचारलंय का?"

"अहो, तुम्ही गप्प बसा." ती मुलीकडे वळली. "दोन घास खाऊन ताट सारायचे. गळ्याची हाडं वर आली होती. चिमूटभर घातलं, तर पुन्हा वाढ म्हणाले."

"बाबा, तुम्हाला चव कळली नाही?"

"न कळायला काय झालं?" त्यांनी शेजारी टांगलेल्या वजनकाट्याचा हूक बोटाने हलवला. "पाय सुजले की सिस्टर पहिला प्रश्न हिलाच विचारते, जेवणात काय घातलं म्हणून. हिचं तोंड एवढंसं होतं. सूजच आली नाही, तर विचारणार कोण?"

आईने हात पदराला पुसले. मग पुन्हा पुसले.

"त्या लाल पिशवीने काय होतं, ते मला कुठे ठाऊक होतं," ती म्हणाली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

हूक हलायचा थांबला.

"मला होतं," बाबा म्हणाले.

मुलीने सिस्टरला फोन केला आणि सगळं सांगितलं. सिस्टर रागावली नाही. "उद्यापासून मीठ बंद, पाणी मोजून आणि पिवळी पिशवी. दोन हजारांच्या खाली निघालं, तर लगेच घेऊन या. मग मशीनचं बोलावं लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी पिशवी टांगण्याआधी तिची पिवळी खूण मुलीसमोर धरली. ती मान हलवेपर्यंत धरून ठेवली.

जेवायला तिघांच्या ताटात एकाच भांड्यातली भाजी होती. आई पहिला घास बराच वेळ चावत राहिली.

"कशी झालीय?" तिने विचारलं.

"नियमात बसते."

"मी चव विचारतेय."

"चवीचं म्हणशील, तर अगदी सरकारी."

आई हसली नाही. पण बाबांनी भाजी पुन्हा मागून घेतली आणि संपवली.

जेवणानंतर द्रव काढला. मुलीने भरलेली पिशवी हुकाला लावली. बाबांनी चष्मा काढून हातात घेतला होता.

"रिकाम्या पिशवीचं वजन वजा कर," ते म्हणाले.

"करतेय."

आई खुर्चीच्या मागे येऊन उभी राहिली. काटा हलत होता. तो स्थिर होईपर्यंत मुलगी थांबली. काट्यावर दोन हजार एकशे साठ. रिकाम्या पिशवीचे एकशे वीस. बाबांनी चष्मा लावला, वही ओढली आणि लिहिलं: पिवळी, २०४०.