पन्नास ट्विस्ट आणि चीजची टोपी

"बाई, बसल्या जागी कंबर हलवता आणि याला व्यायाम म्हणता?" कुंपणावर कोपर टेकून डेल म्हणाला.

शेजारच्या व्हर्नाबाई गॅरेजसमोर चटई टाकून रशियन ट्विस्ट करत होत्या. पाठ मागे कललेली, पाय अधांतरी, जुळवलेले हात एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. वय अडुसष्ट. चौथीत डेलला त्यांनीच शिकवलं होतं.

"पन्नास करून दाखव. पाय न टेकवता."

"झोपेत करीन. माझ्या आइस हॉकीच्या पोरींकडून रोज शंभर काढून घेतो."

"घेतोस. स्वतः कधी केलेस?"

हे डेलला ऐकूच आलं नाही. पैज मात्र लागली. तो हरला, तर परवा चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत त्याने बाईंची चीजची टोपी घालायची. स्पंजची, तिकोनी, पिवळीधमक. नदीपलीकडचे विस्कॉन्सिनवाले, फुटबॉलमधले हाडवैरी, सामन्याला घालतात तसली. बाईंचं माहेर तिकडचं. मिरवणुकीत पहिला ट्रॅक्टर डेलचा, आणि त्यावर बावीस वर्षं इकडच्या मिनेसोटा संघाची जांभळी टोपीच दिसली होती. त्याआधी ती त्याच्या बापाच्या डोक्यावर होती. डेल जिंकला, तर ती जांभळी टोपी बाईंनी घालायची.

डेल कुंपण ओलांडून चटईवर बसला. दहापर्यंत शीळ वाजवत होता. तिसाला शीळ गेली. चाळिसाला पोट लटलटायला लागलं, पण गड्याने पाय टेकवले नाहीत. "पन्नास," म्हणून तो चटईवर आडवा झाला.

"टोपी धुऊन आणतो हं, बाई."

"पंचवीस झाले," पायरीवरून ब्रिटा म्हणाली. ही बाईंची नात, आणि डेलच्याच संघाची गोलकीपर.

"अगं, पन्नास मोजले मी."

"कोच, उजवी-डावी मिळून एक. तुमचाच नियम. जानेवारीत मी वेगवेगळे मोजले, तर अख्ख्या संघाला पहिल्यापासून करायला लावलं होतंत."

डेल आभाळाकडे बघत राहिला. "तो नियम बर्फातला होता."

"अजून पंचवीस," बाई म्हणाल्या. "उचल पाय."

डेलने उचलायला सांगितलं. पायांनी ऐकलं नाही.

चार जुलैला पहिल्या ट्रॅक्टरवर चीजची टोपी निघाली, तसं अख्खं गाव रस्त्यावर हसत सुटलं. डेल खांबासारखा ताठ, नजर समोर. कंबर वळतच नव्हती. उजव्या हाताने उजवीकडच्या लोकांना कसाबसा सलाम ठोकला.

बँकेच्या कोपऱ्यावर खुर्ची टाकून बाई बसल्या होत्या, रस्त्याच्या डाव्या बाजूला.

"डेल, इकडे पण वळ," त्या ओरडल्या. "दोन्ही बाजू झाल्या की मगच एक धरीन."

डेल वळला. कण्हत कण्हत, पण पूर्ण वळला.

"एक," बाई म्हणाल्या.