कडब्याचे झुंबर

गौरी-महालक्ष्म्यांच्या सणासाठी हैदराबादेहून काचेचे झुंबर मागवून शिरड शहापूरच्या सुमनबाई देशमुखांनी मेंढपाळाच्या पंचफुलाबाईला भर बाजारात विचारले, "तुझ्या महालक्ष्म्यांवर काय टांगशील गं, लेंड्या? हळदीकुंकवाला कोण फिरकंल तिथं?"

सौंदर्य खानदानी घरांनाच कळते, हा सिद्धान्त तेव्हा सर्वमान्य होता. पंचफुलाबाईने तो वाचलेला नव्हता. तिने कडब्याचे धांडे सोलले, आतला पांढरा गाभा हळदीकुंकवाने रंगवला, बाभळीच्या काट्यांनी जोडला आणि तीन पदरी झुंबर टांगले.

हळदीकुंकवाला सारा गाव तिच्या दारी लोटला. अखेरीस सुमनबाईही आल्या. वर पाहतच राहिल्या.

"काय घेशील ह्याचं?"

"इकायचं न्हाई, बाईसाहेब. शिकायचं आसंल तर बसा."

घरात खुर्ची नव्हती. पैठणी सावरत सुमनबाई सारवलेल्या जमिनीवर बसल्या, आणि पंचफुलाबाईने त्यांच्या हाती पहिला धांडा दिला.