भाजीतला चांदीचा गोट

मी एक जुना चांदीचा गोट आहे. गोट म्हणजे मनगटात घालायचं भरीव कडं. तुमच्यापैकी कोणी मला पाहिलंच तर म्हणेल, काय सुरेख घडवलाय! म्हणा, जरूर म्हणा. घडणीची स्तुती मला आवडते. पण मित्रांनो, जे काम मी कधी केलंच नाही, त्याची स्तुती माझ्या वाट्याला आली आणि तिनं एका माणसाचा जीव जवळजवळ घेतला. ती हकिगत ऐका.

सातासमुद्रापार कुठेतरी लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. हिवरखेडच्या नत्थुजींनी अकोल्याला कापूस विकला आणि येताना बायकोसाठी, पार्वताबाईसाठी, मला आणलं. मला घडवणाऱ्या सोनारानं त्यांना जाता जाता सांगितलं होतं, की विषारी अन्नात चांदी काळी पडते. झालं! नत्थुजींनी ते गावभर केलं.

हिवरखेडच्या वर सातपुड्याचं रान आहे. श्रावणात तिथं वारुळांवर टेकोडे उगवतात, म्हणजे रानातली अळिंबी. पार्वताबाई लहानपणापासून ते आणत आलेली. ती एकेक टेकोडा मातीत बोटं घालून मुळासकट उपटायची, कारण खऱ्या टेकोड्याचं मूळ लांबलचक असतं आणि थेट वारुळात उतरतं. मग ती तो उलटा करायची, हुंगायची, आणि जरा शंका आली की फेकून द्यायची. आता नत्थुजींच्या हुकुमानं शिजत्या भाजीत मलाही टाकू लागले. भाजी चांगली असायची तिच्या डोळ्यांमुळे, नाव व्हायचं माझं. शेजारची गोदाबाई मला मागून न्यायची. एकदा तिनं मूठभर लसूण घातला, त्या लसणानंच मी काळवंडलो, आणि तिनं चांगली भाजी उकिरड्यावर ओतली. तरी कोणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पुढे घरात सून आली, शकुन. ती दर्यापूरकडची, जिथं नजर पोचेल तिथवर काळं रान आणि कापूस. टेकोडे तिनं कधी पाहिले नव्हते. सासूनं तिला शिकवायचं, पण त्या साली पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाचा, पेरा दुप्पट झालेला. निंदण संपता संपेना. रानात जायला सवड कोणाला? शिवाय गोट होताच की.

एके दिवशी शकुनचे वडील, खुशालराव, लेकीला भेटायला आले. पार्वताबाई शेतात होती. व्याह्यांना टेकोड्याची भाजी खाऊ घाला, असं नत्थुजींनी फर्मान सोडलं. बिचारी शकुन विळा घेऊन रानात गेली आणि टोपलीभर अळिंबी घेऊन आली. धुतलं, चिरलं, शिजायला टाकलं. त्यात मला टाकलं.

मी रटरटत्या भाजीत पडून होतो. माझ्या अंगाला काही झालं नाही. होणारच नव्हतं.

पानं मांडली तोच पार्वताबाई शेतातून आली. तिनं कोपऱ्यातली देठं पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. सगळी देठं विळ्यानं सपाट कापलेली होती, मूळ एकालाही नव्हतं.

"शकुन, मुयं कुठी हायेत?"

"तेथीच रायली, आत्याबाई. माती लागते म्हनून कापूनच आनलं."

पार्वताबाईनं भांड्यात डाव फिरवून पाहिला. चिरलेल्या, शिजलेल्या भाजीत काय दिसणार? ती नवऱ्याला म्हणाली, "शिजल्यावर मलेबी वयखू येत नाही. मी मुयं पाहून येतो. तवरिक कोनी हात लावू नका." आणि सुनेला घेऊन ती रानाकडे निघाली.

खुशालराव म्हणाले, घरची बाई थांबा म्हणते तर थांबू. नत्थुजींना ते झोंबलं. व्याह्यांसमोर घरचं अन्न नासकं ठरतंय! त्यांनी डावानं मला बाहेर काढलं, धोतराला पुसलं आणि व्याह्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. मी लखलखत होतो. मित्रांनो, त्या क्षणी काळं पडता आलं असतं तर मी कोळसा झालो असतो! पण मला ती विद्याच नाही. नत्थुजींनी भाजी वाढून घेतली, भाकरी मोडली आणि घास घेतला. दुसरा घेतला. खुशालराव हात आवरून नुसते बघत होते.

तेवढ्यात शकुन धापा टाकत दारात आली. सासू मागे राहिली होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, मुठीत माती. तिनं मूठ उघडली. आत देठाचा बुडखा होता, आणि त्याच्याभोवती फुटक्या अंड्याच्या टरफलासारखी पांढरी पिशवी. मूळ नव्हतंच.

"खाऊ नका, मामाजी. हे वारुयावरचं नाही, झाडाखालचं हाये."

सासऱ्यापुढे तिनं तोवर तोंड उघडलं नव्हतं. नत्थुजींनी तिसरा घास उचलला. तिनं बापादेखत सासऱ्यासमोरचं ताट हातानं उलथवलं.

मागून आलेल्या पार्वताबाईनं मिठाचं पाणी पाजपाजून त्यांना ओकायला लावलं. संध्याकाळी नत्थुजी ठणठणीत होते आणि दोघींना टाकून बोलत होते. पहाटे पोटात कळा सुरू झाल्या. डोळे खोल गेले, पाणी ठरेना. खुशालराव गावी परतलेच नाहीत. शकुन चुलीजवळ बसून पेज ढवळत राही आणि कोणाकडे बघत नसे. मला वाटलं, संपलं.

नत्थुजी वाचले. काठी टेकत ओट्यावर आले आणि पहिली गोष्ट काय बोलले? सोनारानं खोटी चांदी दिली! मला इतका राग आला म्हणून सांगू! मी अस्सल होतो, आजही आहे.

पार्वताबाईनं मला शकुनच्या मनगटात चढवलं आणि निंदण बाजूला ठेवून तिला रानात नेलं. वारूळ कोणतं, मूळ कसं, पिशवी कुठे लपते, सारं मातीत हात घालून दाखवलं. पुढल्या श्रावणात शकुननं स्वतः भाजी केली. नत्थुजींनी पानाकडे पाहिलं.

"आज गोट टाकला व्हता का?"

"नाही, मामाजी. मुयं पायली. एकाचा भरवसा वाटला नाही, ते फेकलं."

त्यांनी भाकरी मोडली. मग त्यांनी घास घेतला.

मित्रांनो, रानातलं काही खायचं तर जाणत्याकडून आधी शिकून घ्या, आणि शंका आली तर फेकून द्या. मला हौसेनं मनगटात घाला, चिंचेनं घासा, पेटीत जपा. पण भाजीत टाकू नका. तिथं मला सगळं दिसतं आणि काहीच सांगता येत नाही.